दुसऱ्याचा ‘मी’

“मध्ये ‘पण’ लिहू नका,” जवाद म्हणाला. “‘आणि’ लिहा.”

मी वहीवरून मान वर केली. वाक्य माझ्या पेनाखाली अर्धवट उभं होतं : ‘मला ते सैन्य यायला हवं होतं, पण...’

“दोन्ही गोष्टी एकमेकींच्या उलट आहेत ना, जवादभाई? मग मराठीत तिथं ‘पण’च येतं.”

“मराठीत येत असेल. वॉर्डात चालत नाही.” त्याने काचेच्या छोट्या पेल्यात वाळवलेल्या लिंबाचा काळसर चहा ओतून माझ्यापुढे सरकवला. “डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन चांगलं झालं, पण. संपलं! पेशंटला पुढचंच ऐकू येतं. ‘पण’ म्हटलं की आधीचं मरतं. म्हणून मी अरबीत सांगतो, ऑपरेशन चांगलं झालं आणि एक गाठ राहिली. दोन्ही जिवंत राहतात.”

मी ‘पण’ खोडलं.

“आता श्वास घ्या,” तो म्हणाला. “सोडा. जोर लावू नका.”

त्याची मराठी अशीच होती. ती त्याने एका मोठ्या इस्पितळाच्या वॉर्डांत, नर्स आणि आयांच्या तोंडून उचलली होती, आणि तिच्यातले अर्धे विनोद स्ट्रेचरवरून आले होते. जवाद काझिम मूळचा बसऱ्याचा. एकोणीसशे एकोणनव्वद साली औषधशास्त्र शिकायला पुण्यात आला, आणि मग तिकडे एकापाठोपाठ एक अशी संकटं आली की परतीचा रस्ताच उरला नाही. आता तो एक्केचाळीस वर्षांचा होता, आणि उपचारांसाठी येणाऱ्या अरब रुग्णांचा दुभाषी म्हणून काम करत होता. मराठी तो बोले. वाचता मात्र येत नसे. देवनागरीला तो ‘दोरीवर वाळत घातलेले कपडे’ म्हणायचा.

हे दोन हजार तीनच्या ऑगस्टमधलं, दुपारी तीनचं. मार्चमध्ये त्याच्या देशात परकी सैन्यं घुसली होती आणि आमचा दिवाळी अंक युद्धविरोधी विशेषांक व्हायचा होता. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, मराठीचा एम. ए., अंकाचा उपसंपादक आणि स्वतःच्या नजरेत कवी. रास्ता पेठेतल्या साळवे सिस्टरांच्या घरी वरच्या मजल्यावर एक इराकी गृहस्थ भाड्याने राहतो, हे कळल्यावर मी त्याच्याकडे शब्दांकनासाठी गेलो होतो. शब्दांकन म्हणजे बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा. लेखावर नाव बोलणाऱ्याचं, शेवटी बारीक टाइपात लिहिणाऱ्याचं. आणि लेखभर जो ‘मी’ असतो तोही बोलणाऱ्याचाच.

हे मी समजावून सांगितलं तेव्हा जवाद हसला होता.

“म्हणजे माझंच काम. पेशंट म्हणतो, मला भीती वाटते. मी डॉक्टरला म्हणतो, मला भीती वाटते. ‘त्याला वाटते’ असं म्हणत नाही. आणि डॉक्टर माझ्याकडे बघत नाही, पेशंटकडे बघतो. तेव्हा समजायचं, काम बरोबर झालं.”

टेपरेकॉर्डर त्याने लावू दिला नव्हता. “आवाज नको. आवाज सुआद ओळखते.”

सुआद म्हणजे त्याची बहीण. बसऱ्यात वडिलांच्या घरी राहणारी. तो जे सांगत होता ते तिच्यासाठी होतं, हे मला त्या दुपारी हळूहळू उलगडत गेलं.

“मोठा भाऊ हातिम,” तो सांगू लागला. “एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये बाहेरचे म्हणाले, तुमच्या हुकूमशहाविरुद्ध उठा. आमच्याकडचे लोक उठले. आणि बाहेरचे परत गेले. हातिमला सरकारच्या माणसांनी तुरुंगात नेलं. मी इथं, परीक्षेचा अभ्यास करत होतो. ते तेव्हा आले नाहीत म्हणून मी बारा वर्षं त्यांना शिव्या दिल्या, कवी. आता आले म्हणून शिव्या द्यायच्या? कोणत्या तोंडानं?”

मी लिहीत होतो.

“या फेब्रुवारीत सुआदचा फोन आला. म्हणाली, आम्ही सिरियात जातोय, गाडी ठरली आहे. तुझ्याकडे वर्तमानपत्रं खरं लिहितात, तू सांग. आणि मी म्हणालो, लढाई होणार नाही. थांब.”

“तुम्हाला तसं वाटत होतं?”

“मला माहीत होतं, होणार. मला ती हवी होती.”

“मग?”

“तुरुंग उघडले असते. हातिम घरी आला असता.” त्याने पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. “दार उघडायला कुणीतरी घरात नको का?”

खाली साळवे सिस्टरांनी रेडिओ लावला होता. जवाद आवाज उतरवून पुढे सांगू लागला.

“एप्रिलमध्ये टीव्हीवर दाखवलं, सैन्य बसऱ्यात शिरलं. मी लक्ष्मी रोडवरून दोन किलो पेढे आणले. सगळ्या वॉर्डात वाटले. आया विचारत होत्या, जवादभाऊ, मुलगा झाला का? मी म्हणालो, हो. घरी सिस्टरना दिले, त्यांनी दोन खाल्ले. आणि सैफ त्याच्या तीन दिवस आधी गेला होता. सुआदचा मुलगा. एकोणीस वर्षांचा. पाण्याचा कॅन घेऊन गेला होता, गोळा आला. कोणाचा, आतल्यांचा की बाहेरच्यांचा, कुणी सांगू शकत नाही. मला तीन आठवड्यांनी कळलं.”

“आणि हातिम?”

“तुरुंग उघडले,” जवाद म्हणाला. “रिकामे होते.”

मी पान उलटलं. ते उलटण्याचा आवाज मला नको इतका मोठा वाटला.

“सुआद लिहिते, तुझी काय चूक, सगळेच फसले. आणि लिहिते, ज्यांनी ज्यांनी यांना नुसतं मनात बोलावलं, त्यांच्या दारात देव उभा राहणार नाही. तिला वाटतं, मी फसलो. मी फसलो नव्हतो. मी तिला फसवलं. हे तिला सांगायचं आहे. सैन्य आलं म्हणून मी खूश झालो, हे पण लिहा, आणि आजही मला वाटतं की तो राक्षस जायलाच हवा होता, हे पण. काही सोडू नका.”

“पण तिला मराठी कुठं येते?”

“मला येते ना. तुम्ही छापा, सिस्टर वाचतील, मी अरबीत करीन. पेशंटबरोबर पाठवीन.” आणि माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न ओळखून तो म्हणाला, “चार वेळा पत्र लिहायला बसलो, कवी. अरबीत माझा हात उठत नाही. दुसऱ्याचा ‘मी’ मला रोज बोलता येतो. बारा वर्षांची सवय आहे. माझा येत नाही. तुम्ही लिहिलं की तो दुसऱ्याचा होईल. मग मी नुसता अनुवाद करायचा.”

मी त्याला शब्द दिला. असा शब्द देणं त्या वयात मला फार सोपं जात असे.

*

मार्चमध्ये मी स्वतः अलका चौकात युद्धाविरुद्धचा फलक धरून उभा होतो. त्या फलकावरची ओळ माझी होती. मी कधी न पाहिलेल्या दोन नद्यांवर मी एक दीर्घ कविता लिहिली होती आणि तिच्यात एक निनावी इराकी माणूस आपल्या जळत्या शहराकडे पाहत उभा होता. त्या माणसाला पेढे वाटता येत नव्हते.

मी लिहायला बसलो तेव्हा हाच माणूस माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि जवादला बसायला जागा उरली नाही. पेढ्यांचा, फोनचा, हातिमच्या दाराचा भाग वहीत साडेतीन पानं होता. मी तो आधी आखडला. मग लेखाच्या मध्यावरून तळाशी नेला. मग चौथ्या दिवशी, सकाळच्या स्वच्छ उजेडात, अंघोळ करून, पूर्ण शुद्धीवर असताना काढून टाकला. लेखाला तोल राहत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. गोळा कोणाचा ते ठाऊक नाही, या वाक्यात लय अडकत होती. मी तिथे ‘परक्यांचा’ असा एक शब्द बसवला आणि वाक्य वाहू लागलं. ‘आणि’ त्याने इतके वापरले होते की पान भाबडं दिसत होतं. मी त्यांचे ‘परंतु’ केले, ‘तरीही’ केले.

आमचे संपादक भास्करराव टिळेकर. सत्तरीचे, जाड भिंगांचे, आणि कोणत्याही लेखाची पानं हातात घेऊन आधी वजन करणारे.

“छान आहे,” वाचून झाल्यावर ते म्हणाले. “फार छान आहे. जरा जास्तच छान आहे. हा गृहस्थ एवढंच बोलला?”

“हो.”

“कुठं अडखळला नाही? उलटसुलट काही म्हणाला नाही? चौदा वर्षं घराबाहेर पडलेला माणूस असा सरळ रेघेत बोलतो?”

“दुभाषी आहे तो. नेमकं बोलायची सवय आहे.”

“हं.” त्यांनी भिंगांवरून माझ्याकडे पाहिलं. “काही राहिलं असेल तर घाल हो. चार पानं वाढली तरी हरकत नाही. चकलीच्या भाजणीची जाहिरात मागे टाकू.”

“काही राहिलेलं नाही,” मी म्हणालो.

*

अंक धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी हातात आला. पहिल्या पाच प्रतींतली एक घेऊन मी रास्ता पेठेत गेलो. साळवे सिस्टर निवृत्त मेट्रन होत्या. ख्रिस्ती, एकट्या, आणि अजूनही सगळ्या जगाला औषधाची वेळ झाल्यासारख्या बोलणाऱ्या. शेजाऱ्यांकडून फराळाचं ताट आलेलं होतं. ते मध्ये ठेवून आम्ही तिघं त्यांच्या गॅलरीत बसलो. जवाद इस्पितळातून नुकताच आला होता, पण शर्ट बदलून, केस विंचरून बसला होता. समोर कोरा कागद आणि पेन्सिल.

“कवी, तू शंकरपाळे खा, मी वाचते,” सिस्टर म्हणाल्या आणि चष्म्याची दोरी सारखी करून त्यांनी पान उघडलं. “‘फुरात आणि तिग्रिस जिथे एकमेकींच्या गळ्यात पडतात, त्या माझ्या शहराच्या भाळावर...’ अरे वा, जवाद! नद्या गळ्यात पडतात रे तुझ्या गावात!”

“बसऱ्यात नाही पडत,” जवाद म्हणाला. “वर पडतात. कुर्ना नावाचं गाव आहे.”

“मग कवीने तिथून आणून पाडल्या. ऐक पुढे.”

त्या वाचत गेल्या. त्यांचा आवाज वॉर्डात नावं पुकारायला घडलेला होता. तरी माझी वाक्यं त्यात शोभली, आणि लाजिरवाणी गोष्ट अशी की ती शोभताहेत याचा मला आनंद होत होता. जवाद एकेका वाक्यानंतर हाताने थांबवी, कागदावर उजवीकडून डावीकडे भराभर काही लिही आणि मान हलवी. सैफचा परिच्छेद आला. सिस्टर सावकाश वाचू लागल्या. “‘...परक्यांच्या एका गोळ्याने माझ्या भाच्याच्या हातातलं पाणी रक्त करून टाकलं.’”

पेन्सिल थांबली.

“परक्यांच्या?” जवादने विचारलं.

“तसं लिहिलंय.”

तो माझ्याकडे पाहील असं मला वाटलं. त्याने पाहिलं नाही. “पुढे वाचा,” तो म्हणाला.

पुढे दीड पान होतं. “‘माझ्या दारात मला कुणाचाही सैनिक नको होता,’” सिस्टर शेवटाला आल्या, “‘मला फक्त माझं दार हवं होतं.’” त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. “भारी लिहिलंयस हो, कवी.” मग पान उलटलं, पुन्हा मागचं पाहिलं, अंगठ्याला थुंकी लावून दोन पानं चिकटली आहेत का तेही बघितलं. “आणि पेढे?”

जवादने पेन्सिल कागदावर आडवी ठेवली.

“अरे, पेढ्यांचं नाही लिहिलं? मला म्हणाला होतास ना, सगळं सांगितलंय म्हणून. हातिमचं, फोनचं. मी दोन खाल्ले होते त्या दिवशी. अजून टोचतात.”

“जागा कमी पडली,” मी म्हणालो. “संपादकांनी थोडं कापलं.”

“जागा?” सिस्टरांनी अंक माझ्यापुढे धरला. “अरे, हे अर्धं पान तर कबुतराचं चित्र आहे!”

मी शंकरपाळा उचलला आणि तो हातातच राहिला.

“सिस्टर,” जवाद म्हणाला, “शेवटचं परत वाचा.”

त्यांनी वाचलं.

“परत.”

त्यांनी परत वाचलं. या वेळी त्याचे ओठ हलत होते. तो माझं दार अरबीत उघडून पाहत होता. मग त्याने कागदाची घडी केली.

“छान आहे,” तो म्हणाला. “मला समजत नाही इतकं छान आहे.”

“अरबीत करताना तो भाग तुम्ही घालाच,” मी घाईने म्हणालो. “तुमचंच बोलणं आहे. तुमचा अधिकार आहे.”

“हो,” जवाद म्हणाला, आणि त्याने फराळाचं ताट माझ्याकडे सरकवलं.

*

त्यानंतर मी रास्ता पेठेत गेलो नाही. लेखावर साठ पत्रं आली. कोल्हापुरात एका सभेत त्याचं वाचन झालं आणि शेवटच्या वाक्याला लोक उभे राहिले. मी व्यासपीठावर नम्रतेने मान खाली घालून बसलो होतो. एका प्राध्यापकांनी लिहिलं की शब्दांकनकाराने दुसऱ्याच्या जखमेत स्वतःला विरघळवून टाकलं आहे. ते कात्रण मी जपून ठेवलं.

जानेवारीत साळवे सिस्टरांचा फोन आला.

“कवी, मेलास की काय? जवादला बहिणीचं पत्र आलंय. तुला इस्पितळात बोलावतोय, कॅन्टीनमध्ये, उद्या अकराला. आणि येताना चांगलं पेन आण म्हणतो.”

मी गेलो. कॅन्टीनमध्ये उपम्याचा आणि फिनेलचा वास एकमेकांत मिसळला होता. जवाद कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसला होता, गळ्यात इस्पितळाचं ओळखपत्र. त्याने मला बसायची खूण केली आणि काहीही न विचारता पत्र उघडून मराठीत वाचू लागला. बहिणीचा ‘मी’ तो स्वतःचाच असल्यासारखा वाचत होता, ही त्याची दुभाष्याची सवय होती. मला मात्र ती कळायला एक क्षण लागला.

“‘मी तुझा लेख सात वेळा वाचला. शेजारणींना वाचून दाखवला. मला लोक सांगत होते, परदेशात बसलेले आपले सगळे त्या दिवशी टाळ्या वाजवत होते. मला माहीत होतं, माझा भाऊ त्यांच्यातला नाही.’”

मी पाण्याचा पेला धरून ठेवला होता.

“तुम्ही घातलं नाहीत,” मी म्हणालो.

“काय?”

“तो भाग. साडेतीन पानं.”

“मी अनुवाद करतो. जे असतं त्याचा करतो. तिथं नव्हतं.” त्याने पत्राची कड बोटाने सरळ केली. मग म्हणाला, “हे खोटं आहे. मी घालायला बसलो होतो. आणि शेजारी तुमचा कागद होता. तुमचा माणूस चांगला होता, कवी. त्याने कुणाला फसवलं नव्हतं. त्याला नुसतं दुःख होतं. मला तो व्हावंसं वाटलं. फार वेळ नाही. पाकीट बंद होईपर्यंत.”

“आता कळवा तिला. मी येतो बरोबर बसायला. अंकात खुलासा छापायला सांगतो. भास्करराव छापतील, ते तर तेव्हाच...”

मी थांबलो. पण त्याने ऐकलं होतं. संपादकांनी काही कापलं नव्हतं, हे त्याला दिवाळीतच कळलं असावं. तरी माझ्या तोंडून निघालेलं ते अर्धं वाक्य टेबलावर बराच वेळ पडून राहिलं.

“आता नाही,” जवाद म्हणाला. “तिनं शेजारणींना वाचून दाखवलं आहे. सांगायची एक वेळ होती. ती मी तुमच्याकडे दिली होती.”

हे त्याने रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर मी उठून गेलो असतो आणि आज ही कथा मला वेगळ्या तऱ्हेने सांगता आली असती.

“तिनं विचारलं आहे,” तो पुढे वाचू लागला, “‘सैन्य शिरलं त्या दिवशी आम्ही सैफच्या मातीवर पाणी शिंपडत होतो. त्या वेळी तू काय करत होतास? एकटा होतास का? सगळं लिही. मला तो दिवस तुझ्याकडूनही हवा आहे.’” त्याने पत्र मिटलं आणि कोरे कागद माझ्यापुढे ठेवले. “लिहा.”

“मी काय लिहू? काय करत होता ते तुम्ही सांगा.”

“मी काय करत होतो ते मला माहीत आहे. तो काय करत होता?”

“कोण तो?”

“लेखातला. तो तुमच्या ओळखीचा आहे. मला कधी भेटला नाही.”

शेजारच्या टेबलावर दोन नर्सेस कुणाच्या तरी बदलीवरून हसत होत्या. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. कागद परत सरकवता आले असते, हात जोडता आले असते, रडताही आलं असतं. त्यातल्या कशालाही फार धैर्य लागत नव्हतं. मी पेनाचं टोपण काढलं.

पहिलं वाक्य सुचायला वेळ लागला. दुसरं लगेच आलं. मी लिहिलं की त्या दिवशी त्याने खोलीची खिडकी लावून घेतली. वॉर्डात कुणाशी बोलला नाही. सायंकाळी चालत नदीकाठी गेला आणि परक्या शहरातल्या त्या परक्या पाण्याला आपल्या बहिणीचं नाव सांगितलं. मुठेत एप्रिल महिन्यात पाणी नसतं. मी ते सोडलं. मी एक वाक्य मराठीत डावीकडून उजवीकडे लिहायचो, ते हलक्या आवाजात वाचायचो, आणि समोर बसलेला जवाद ते अरबीत उजवीकडून डावीकडे उतरवायचा. आमचे हात टेबलाच्या मध्याकडे सरकत यायचे आणि लागायच्या आत मागे फिरायचे. चार पानं झाली. तिसऱ्या पानावर जवादचे डोळे भरून आले आणि मला, त्याही वेळी, आपलं वाक्य साधलं असं वाटलं.

*

मार्चच्या अखेरीस तो कायमचा निघाला. तोपर्यंत सुआदची आणखी दोन पत्रं येऊन गेली होती आणि दोन्हींची उत्तरं मी लिहिली होती. शेवटच्या पत्रात तिने लिहिलं होतं, आता ये, घरात पुरुषमाणूस नाही.

मुंबईच्या विमानतळाकडे जाणारी गाडी सकाळी आठला साळवे सिस्टरांच्या दारात उभी राहिली. सिस्टरांनी चिवड्याचे दोन डबे, डोकेदुखीच्या गोळ्या आणि एक छोटं ब्लँकेट असं सामान गाडीत चढवलं, मग त्याचा कान धरला, “पोचलास की फोन कर, नाहीतर तिथे येऊन इंजेक्शन देईन,” असं म्हणाल्या आणि चटकन घरात निघून गेल्या. आतून त्यांच्या नाक शिंकरण्याचा आवाज येत होता.

जवादने मला जिन्याखाली बोलावलं. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेले कागद काढले. माझेच होते, माझं अक्षर मला लांबूनही ओळखू आलं. त्याला ते वाचता येत नव्हतं, तरी ते त्याने माझ्या हातात दिले.

“तपासा,” तो म्हणाला.

“काय तपासू?”

“सिस्टरकडून रोज वाचून घेतलं. पाठ केलंय. पत्रात विचारलं तर पत्रात लिहिता येतं. आता ती समोर बसून विचारेल. आणि सुआद लहानपणापासून माझं खोटं ओळखते. मी अडखळतो.”

“जवादभाई...”

“अरबीत तुम्हाला तपासता येणार नाही, म्हणून मराठीत म्हणतो. एक शब्द चुकला तर थांबवा.”

ड्रायव्हरने बाहेर हॉर्न वाजवला. जवादने डोळे मिटले, हात अंगाशी सरळ ठेवले, आणि शाळेत उभा राहून म्हणावं तसं म्हणायला सुरुवात केली. खिडकी लावून घेतली तिथपर्यंत तो नीट आला. वॉर्डात कुणाशी बोललो नाही, तेही आलं. एक ‘परंतु’ होता, तोही त्याने जागच्या जागी म्हटला. मी कागदावर बोट धरून त्याच्यामागून चाललो होतो. ‘नदीच्या काठावर मी बहिणीचं नाव घेतलं, आणि त्या पाण्याने...’ इथे तो थांबला. पुन्हा मागे गेला. ‘आणि त्या पाण्याने...’ त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्याने डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मी पुढचा शब्द सांगितला.